तलाव गटाची रिकामी ओळ

पिंपळटोला, १४ जानेवारी २०२५

प्रिय बापू,

नमस्कार लिहावा तर तू माझ्यापेक्षा तीनच महिन्यांनी थोरला, आणि आशीर्वाद लिहावा तर तू तो घ्यायचा नाहीस. आज संक्रांत आहे, तेवढ्या आधारावर तीळगूळ लिहितो. घे. गोड बोल किंवा बोलू नको. सात वर्षं बोलला नाहीस, त्यात आणखी एक दिवस.

मोबाइलवर तू माझा नंबर बंद करून ठेवलास, हे मिथुननंच सांगितलं. तुझा मुलगा खोटं बोलत नाही, हा त्याचा मोठाच दोष आहे. पण मी एकतीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलेला माणूस. टपालाला असं बटण नसतं, बापू. वरोऱ्याचा पोस्टमन तुझ्या दारात येणार, हाक मारणार, आणि तू नाही म्हणालास तरी गिरजावहिनी पत्र घेणार.

नूतनच्या लग्नातली गोष्ट मी उकरून काढत नाही. मंगलाष्टक म्हणताना जावयाच्या नावाऐवजी माझ्या तोंडून दुसरंच नाव गेलं. मांडववाल्याचा माइक खरखरत होता, माझा चष्मा जुना होता, अक्षतांचा मारा चालू होता. असो. लिहायला बसलो ते वेगळ्याच कामासाठी.

आपल्या गावात माती-पाणी मंडळ निघालं, ते तू वरोऱ्याला गेल्यानंतर. नीलाबाईची दिव्यानी आठवते? विहाराच्या मागच्या घरातली, पोस्टाच्या खिडकीला लोंबकळून जुनी तिकिटं मागायची ती. चंद्रपूरला समाजकार्य शिकून परत आली आणि तिनं मंडळ काढलं. माझी जुनी पोस्टाची खोली हेच त्याचं ऑफिस. दर रविवारी सगळ्यांनी सगळं करायचं, असा नेम होता. झाडं लावा, नाली काढा, प्लास्टिक वेचा. पहिल्या वर्षी चाळीस माणसं यायची. गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी मी होतो, दिव्यानी होती आणि नीलाबाई होती. नीलाबाई मुलीला डबा द्यायला आली होती.

तेव्हा दिव्यानी म्हणाली, "मास्तर, सगळ्यांले एकच काम देऊन राह्यलो म्हणून कोणी येत नाई. आता ज्याले जे आवडते, त्याचा गट करू."

आणि घरोघर जाऊन नावं लिहून आणायचं काम माझ्याकडे आलं. गावातला प्रत्येक उंबरठा मला ओळखतो, असं ती म्हणते. मी लगेच हो म्हटलं. बापू, चौथीत गुरुजी कविता म्हणायला गट पाडायचे, ते आठवलं. मोठ्या आवाजाचे एकीकडे, बारीक आवाजाचे दुसरीकडे, आणि तू दोन्हीकडे नको म्हणून तुला पाटीवर ठेका धरायला बसवायचे. तू ठेका धरलास की माझी कविता चुकत नसे. हे तुला तेव्हाही सांगायला हवं होतं.

तुझा,
गुणवंत

---

पिंपळटोला, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय बापू,

उत्तर नाही, म्हणजे पत्र पोचलं. न पोचलेलं परत येतं.

आता माझी फजिती ऐक. मी कागदावर सहा रकाने आखले. बियाणं, रानभाजी, दुरुस्ती, पाखरं, तलाव, झाडं. पेन खिशाला लावून निघालो. पहिलंच घर केसरबाईचं.

"कोणता गट लिहू, बाई?"

"लिव्हा नं जी तुमाले वाटते तो."

"तसं नाही, तुम्हाला काय आवडतं?"

"आता तुमी दारात आले, मास्तर. मी काय नाई म्हणीन काय? सबनच लिव्हा."

घरोघर हेच. आपल्याकडे म्हातारा माणूस कागद घेऊन दारात उभा राहिला, तर त्याला रिकामं पाठवायची रीत नाही. कोणी चहा दिला, कोणी वाल दिले, आणि प्रत्येकानं नाव दिलं. चार दिवसांत सहाही रकाने भरले, एकेका गटात साठ-साठ माणसं. मी कागद छातीशी धरून दिव्यानीकडे गेलो. वाटलं, जन्मात एवढी मोठी कविता जमली नव्हती.

पाखरांच्या गटाची पहिली बैठक भरली. साठातले आले तीन. मी, लालसू आणि लालसूची बकरी. बकरीनं हजेरीचा कागद खाल्ला.

लालसू म्हणजे टोल्याच्या शेवटच्या घरातला, जंगलात कामाला जातो तो गोंड माणूस. तो कधी दोन वाक्यांवर तिसरं बोलत नाही. दिव्यानीनं त्याला विचारलं, "दादा, तुमी काऊन आले? बाकी तर कोणी आलं नाई."

"मी रोजच येतो इथी," तो म्हणाला. "सकाळी या झाडावर हरियल बसते. तुमीच आज आले."

दिव्यानी माझ्याकडे बघून हसायला लागली. "मास्तर, तुमी चुकीचं विचारलं. कोणत्या गटात येता, असं नाई विचारायचं. कोणी सांगतलं नाई तरी तुमी काय करता, ते विचारा. आन् कागद घरी ठेवा."

पुन्हा फिरलो. यावेळी रिकाम्या हातानं. बापू, सत्तरी ओलांडल्यावर मला माझं गाव कळलं. रुखमाबाईच्या माळ्यावर दुधी भोपळ्याच्या तुंब्यांत अकरा जातींचं धानाचं बियाणं आहे. दरवर्षी शेताच्या एकेका बांधीत मूठमूठ पेरते, का म्हणून विचारलं तर म्हणते, "सासूनं देल्लं होतं, मरू कशी देऊ?" केसरबाई रानात शिरली की चालत चालत भाज्या मोजते. निकेश, तो पानठेल्यावरचा, गावभरचे मिक्सर आणि पंखे विनाकारण उघडतो आणि बहुतेक वेळा परत जोडतो. रोज तो हेच करतो, पण आजवर त्याला सगळे रिकामटेकडा म्हणत. आता तो दुरुस्ती गटाचा प्रमुख आहे आणि खिशाला पेन लावतो.

प्रत्येक गटात पाच-सात माणसं. पण येतात, बापू. न बोलावता येतात.

फक्त तलावाचा गट होत नाही. सगळीकडे विचारलं, "कोणी सांगितलं नाही तरी तलावावर कोण जातं?" अकरा घरांतून एकच उत्तर आलं.

"बापूराव जात होते."

तुझा,
गुणवंत

---

पिंपळटोला, २८ फेब्रुवारी २०२५

प्रिय बापू,

परवा महाशिवरात्रीला मार्कंड्याला गेलो होतो. रानभाजी गटाच्या बाया पळसाच्या पत्रावळी घेऊन जत्रेत बसणार होत्या, मी त्यांची पोती धरायला. वैनगंगेच्या वाळूत उभा राहिलो तर पोटातून कविता वर यायला लागली, चौथीतल्या पुस्तकातली, नदीची. दुसऱ्या कडव्यावर अडखळलो. तुझा ठेका नव्हता.

तेवढ्यात कोणीतरी वाकून पायाला हात लावला. नूतन! आणि मागे जावई विश्वेश्वर, खांद्यावर तुझी नात. बापू, मला पळून जावंसं वाटलं. वाळूत पळता येत नाही.

"काका, लपता काऊन?" नूतन म्हणाली. "तुमच्या त्या मंगलाष्टकावर आमचा संसार चालून राह्यला."

मला वाटलं टोमणा आहे. नव्हता. त्यांच्या घरात म्हणे रीतच पडली आहे. जावयानं काही चांगलं केलं की ते विश्वेश्वरनं केलं. कप फोडला, गॅस चालू ठेवला, सासऱ्यांचा वाढदिवस विसरला, की ते मंगलाष्टकातल्या त्या प्रणितनं केलं.

"सकाळी गाडीची चाबी हरवली," जावई गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "प्रणितनं हरवली, काकाजी. मी तर झोपलो होतो."

मी हसलो, आणि नंतर पोत्यांच्या आड जाऊन डोळे पुसले. ती दोघं केव्हाच पार झाली आहेत, बापू. त्या मांडवात अजून तू आणि मी दोघेच उभे आहोत.

आता एक कबुली. गेल्या पत्रात लपवलं. निकेशनं गटांचा मोठा फळा रंगवला आहे, मंडळाच्या भिंतीवर लावला आहे. सहा गट, खाली नावं, तेलरंगात, अगदी ठसठशीत. तलाव गटात चार नावं आहेत, चारही पोरं उत्साही, चौघांनाही पोहण्यापलीकडे तलावातलं काही कळत नाही. आणि वर, प्रमुख म्हणून, तुझं नाव आहे. मीच निकेशला सांगितलं लिहायला. तुला न विचारता.

तू येशील असं मला वाटलं. म्हणजे, फळ्यावर लिहिलं तर येशील.

तुझा,
गुणवंत

---

पिंपळटोला, १७ मार्च २०२५

बापू! बापू!

तुझं कार्ड आलं! नव्या पोस्टमास्तरीणबाईंनी ते खिडकीतून माझ्या हातात ठेवलं, आणि मी तिथंच पायरीवर बसलो. सात वर्षांनंतर तुझं अक्षर. अजून तसंच आहे, ओळीच्या वर चढणारं. तीन शब्द: "माझं नाव खोड."

मी तीनही शब्द पुन्हा पुन्हा वाचले. त्यात "माझं" किती छान आलं आहे! मग कार्ड उलटं केलं, तर पत्त्याच्या बाजूला, कोपऱ्यात, बारीक पेन्सिलीनं गिरजावहिनींचं अक्षर: "भाऊजी, तुमची पत्रं मले मोठ्यानं वाचाले लावतात. दोनदा."

वहिनींना माझा दंडवत सांग. किंवा त्या हे वाचतच आहेत तर थेटच घ्या, वहिनी.

नाव खोडलं. त्याच दुपारी. निकेशनं टर्पेंटाइन आणलं, पण चिंधी माझ्या हातात होती. तो हळहळत होता.

"मास्तर, एवढं सुंदर अक्षर पडलं होतं. राहू द्या नं. बापूराव थोडी पाहाले येणार आहेत?"

"म्हणूनच पुसायचं, बाबा," मी म्हणालो.

तेलरंग लवकर निघत नाही. घासून घासून तिथं एक पांढुरका डाग उरला. तलाव गटाच्या डोक्यावर आता रिकामी ओळ आहे. दिव्यानी संध्याकाळी आली, फळा बघितला. जाताना म्हणाली, "मास्तर, सगळ्यांचे गट झाले. तुमचा कोणता?"

"मी सगळ्यांचाच," मी म्हणालो.

"म्हणजे कोणाचाच नाई," ती म्हणाली आणि सायकलवर बसली. ही पोरगी पुढं जाणार.

तुझा,
गुणवंत

---

पिंपळटोला, ६ एप्रिल २०२५

प्रिय बापू,

आज रामनवमी. मोहफुलं वेचून वाळत घातली आहेत, सगळ्या गावाला गोड वास आहे. अशा वासात खोटं लिहवत नाही.

माइक खरखरत नव्हता, बापू. चष्मा नवा होता. अक्षता तर त्या ओळीच्या वेळी पडतही नव्हत्या.

खरं असं आहे. नूतनची पहिली सोयरीक जुळली, मुलाचं नाव प्रणित, तेव्हाच मी मंगलाष्टक लिहायला घेतलं. लहानपणापासून तिनं मला काका म्हटलं, तिच्या लग्नात माझ्याशिवाय कोण म्हणणार? तीन कडवी ठीक झाली. चौथ्या कडव्याची पहिली ओळ मात्र अशी आली की मी घाबरून पेन ठेवलं:

आली नूतन अंगणी प्रणितच्या लेवूनिया चांदणे

वृत्तात एक मात्रा इकडची तिकडे नाही. आयुष्यभर शाळेच्या पुस्तकातल्या कविता म्हणत आलो, दुसऱ्यांच्या. ही ओळ माझी होती. ती मी पोस्टाच्या खिडकीत म्हणायचो, नांगरटीत म्हणायचो, आंघोळीला म्हणायचो.

मग ती सोयरीक मोडली. तुझ्या घरात तीन दिवस चूल धड पेटली नाही, तेव्हा मी तुझ्या ओसरीवर बसून होतो, ते तुला आठवत असेल. पण मी तिथं बसून काय करत होतो ते तुला माहीत नाही. माझ्या ओळीचं आता काय होणार, याचा विचार करत होतो.

पुढच्या वर्षी विश्वेश्वरांशी जमलं. भला मुलगा, पण त्याचं नाव त्या ओळीत बसेना. चार चार अक्षरं, जोडाक्षरं, ओळ मधेच फुटायची. मी आठ दिवस झटलो. ती ओळ टाकून साधीशी दुसरी लिहिता आली असती. लिहिलीही होती. खिशात दोन कागद होते, बापू. एक जुना, एक नवा. मांडवात उभा राहिलो, समोर हजार माणसं, सनई थांबली. मी जुना कागद काढला. नावाच्या जागी "वराच्या" असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेऊ, असं मनाशी ठरवलं होतं. पण चाल लागली, आणि ओळ स्वतःच तोंडातून गेली. नावासकट.

व्याह्यांकडची माणसं उठून उभी राहिली. तू त्यांच्यापुढं पागोटं काढून हात जोडलेस. मी तेही पाहिलं. आणि त्या क्षणीसुद्धा, बापू, माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात ती ओळ किती छान झाली, हे चालूच होतं.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. माफी मागताना मी नेहमी माइकची मागितली. माझी मागितलीच नाही. आज मागतो. तुझ्या मुलीपेक्षा मला माझी ओळ मोठी वाटली. मला माफ कर, किंवा करू नको, पण हे तुझ्याकडे असू दे.

आणि तुझं नावही मी तसंच फळ्यावर लिहवून घेतलं. शोभत होतं म्हणून.

तुझा,
गुणवंत

ता. क. – तलावाचं तेवढं कळवतो. पाणी जानेवारीतच संपलं. तुडूम कुठून तरी गळतं आहे. दिव्यानीला तुडूम माहीत नव्हतं, तिला सांगितलं: मालगुजारांच्या काळातल्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, पाणी सोडायचं दगडी तोंड असतं, त्याला लाकडी दट्ट्या असतो, तो नीट बसला नाही तर अख्खा तलाव गुपचूप वाहून जातो. ते तुझ्या आज्यापासून तुमच्या घराकडे होतं. आता ते गाळात कुठं गाडलं गेलं, कोणाला माहीत नाही. पोरं उद्यापासून उंबराच्या बाजूनं खणायला घेणार आहेत.

---

पिंपळटोला, ११ मे २०२५

प्रिय बापू,

तू इथून दोनशे पावलांवर आहेस. खिडकीतून तुझं पागोटं दिसतं आहे आणि तुझा आवाज तर मूल गावापर्यंत जात असेल. तरी लिहितो आहे, कारण तू माझ्याशी बोलत नाहीस आणि मला आता पत्रांची सवय लागली आहे.

तू आलास त्या सकाळी मी पाळीवर होतो. वरोऱ्याची पहिली गाडी गेल्यावर पंधरा मिनिटांत धोतर खोचून तू गाळात उतरलास, गिरजावहिनी काठावर पिशव्या घेऊन उभ्या. पोरांनी उंबराखाली माणूसभर खड्डा केला होता.

"कोन शहाण्यानं इथी खनाले लावलं?"

निकेशनं माझ्याकडे बोट दाखवलं. तो पानठेलेवाला कधी कोणाचा होणार नाही.

तू माझ्याकडे बघितलंसही नाही. निकेशलाच म्हणालास, "त्या पोस्टमास्तरले सांग, पाणी उंबराखाली नाई राह्यत. उंबर पाण्यापाशी राह्यते. तुडूम तिकडं आहे, त्या तीन दगडांच्या रांगेत."

निकेश चार पावलं चालत माझ्याकडे आला. "मास्तर, बापूराव म्हणतात..."

"ऐकलं, बाबा."

"ऐकलं म्हणतात, बापूराव."

त्यानंतर महिनाभर हेच. सगळं गाव आपलं टपाल वाटून दमलं. केसरबाई तर म्हणाली, "दोन बुढे इतके जवळ उभे राह्यतात की एकाची थुंकी दुसऱ्यावर उडते, आन् निरोप मी नेऊ काय?" पण तीन दगडांच्या रांगेत सातव्या दिवशी फावडं ठक्कन वाजलं, तुडूम सापडलं, तेव्हा तू कोणाकडे बघितलंस ते मी बघितलं. लगेच मान फिरवलीस. ठीक आहे. मी तेवढ्यावर आठवडा काढला.

काल सागाचा नवा दट्ट्या बसला. रुखमाबाई आपल्या एका तुंब्यातलं धान घेऊन आली, म्हणाली, पाणी राहिलं तर हे बांधीभर पेरीन, मुठीनं नाही. लालसू दोन वाक्यं बोलला आणि तिसरंही बोलला, ते काय होतं ते घाईत कोणी ऐकलं नाही.

आणि आज सकाळी मी मंडळाची खोली उघडली. फळ्यासमोर उभा राहिलो आणि चष्मा पुसला. तो नवाच आहे.

तलाव गटाच्या डोक्यावर, मी पुसून उरलेल्या पांढुरक्या डागावर, ओळीच्या वर चढणाऱ्या अक्षरात, "बापूराव". निकेशच्या रंगानं, पण निकेशच्या हातानं नाही. आणि चारही पोरांच्या खाली, तळाला, तेवढ्याच तिरक्या अक्षरात आणखी एक नाव: "गुणवंत. गाळ वाहणे."

दिव्यानी माझ्या मागेच उभी होती, फिदीफिदी हसत होती. "मास्तर, तुमाले विचारलं काय हो त्यायनं?"

"नाही विचारलं," मी म्हणालो.

"मग? टर्पेंटाइन आणू?"

बापू, तेलरंग आहे. निघायला फार त्रास होतो. राहू दे.

माझे गुडघे दुखतात, टोपलं अर्धंच भर. चौथ्या कडव्याला नवी ओळ सुचली आहे, वृत्तात जरा लंगडते, पण तीत विश्वेश्वर आहे. ती उद्या पाळीवर म्हणून दाखवतो. फावड्याचा दांडा घमेल्यावर आपटायला विसरू नको, ठेका लागतो.

सकाळी सातला येतो. हे पत्र निकेशकडे देत नाही, मीच घेऊन येतो.

तुझ्या गटातला,
गुणवंत